चिऊनं दार का नाही उघडलं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की गोष्टी ऐकता ऐकता मुलांना दुसऱ्याचं मन कळू लागतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. मी बालवाडीत वर्षानुवर्षं गोष्टी सांगितल्या आहेत आणि लहान मुलांवरचं संशोधन आवडीनं वाचते. उत्तरं या दोन्हींतून आलेली आहेत. मी डॉक्टर नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला रोज चिऊ-काऊची गोष्ट हवी असते. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घरापाशी येऊन दार वाजवतो आणि चिऊ 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते' म्हणत त्याला ताटकळत ठेवते. हल्ली मुलगी चिऊवरच चिडते. 'चिऊ वाईट आहे, काऊ भिजतोय ना!' सासूबाई म्हणतात, काऊ आळशी होता, त्यानं पक्कं घर बांधलं नाही, हे तिला नीट समजावून सांग. मी काय सांगू? – एक आई

निदान आज तरी काही सांगू नका.

आपण मोठी माणसं ही गोष्ट नेहमी घराच्या आतून सांगतो. आत ऊब आहे, बाळाचं न्हाणं आहे, पावडर-काजळ आहे. तुमची लेक मात्र दाराबाहेर काऊशेजारी जाऊन उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नाही. रोज तीच गोष्ट ऐकता ऐकता, पुढे काय होणार याची धाकधूक संपल्यावर, तिला मान वळवून बाहेर बघायला फुरसत मिळाली. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून घरातले कंटाळतात, पण मुलांचं खरं काम पाचव्या-सहाव्या वेळेपासून सुरू होतं.

आता तिला एकच विचारा. 'काऊचं घर वाहून गेलंय, हे चिऊला माहीत आहे का गं?' विचारून झालं की तोंड बंद ठेवायचं. हे मोठ्यांना फार जड जातं.

तीन वर्षांच्या मुलाला हे विचारलं तर ते बेधडक 'हो' म्हणतं. त्याला स्वतःला माहीत आहे, म्हणजे सगळ्यांनाच माहीत असणार. साडेचारच्या आसपासचं मूल घुटमळतं. दार बंद आहे. चिऊ आत आहे. काऊ नुसतं 'दार उघड, दार उघड' म्हणतोय, घर गेल्याचं तो बोलतच नाही. (तुमच्या घरच्या गोष्टीत बोलत असेल तर एक दिवस ते वाक्य गाळून पाहा.) मग चिऊला कसं कळणार?

हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांसमोर नेमकी अशीच गाठ ठेवली होती. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? लहानग्यांनी आता चॉकलेट जिथे होतं तेच कपाट दाखवलं. माक्सीनं हलवाहलव पाहिलेलीच नाही, म्हणून तो जुन्याच कपाटाशी जाणार, हे उत्तर साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान यायला लागतं. त्यानंतर हा प्रयोग कितीतरी रूपांत पुन्हा झाला. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे कळल्याशिवाय दुसऱ्याबद्दल वाटणाऱ्या कळवळ्याला दिशा मिळत नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत हा सगळा प्रयोग एका बंद दाराभोवती आयता मांडून ठेवलेला आहे.

'चिऊला माहीतच नाही' इथवर लेक पोचली की पुढचे प्रश्न ती स्वतःच काढेल. मग काऊनं सांगितलं का नाही? त्याला लाज वाटली का? चिऊ खरंच बाळाला आंघोळ घालत होती की उगाच सांगत होती? माझ्या वर्गात एक मुलगा ठामपणे म्हणाला होता, 'काऊनं मोठ्यानं सांगायला पाहिजे होतं, पावसात ऐकू येत नाही.' त्यावर एक मुलगी म्हणाली, 'चिऊला वाटलं, बाळ काऊला घाबरेल.' मी दोन्ही उत्तरं मान्य केली. तिसरं आलं असतं तर तेही केलं असतं.

सासूबाईंचं म्हणणंही चूक नाही, बरं का. त्यांना घरात चिऊची वकिली करू द्या. लेक काऊच्या बाजूनं बोलेल, आजी चिऊच्या. पावसाळ्याच्या आधी कुणी काय केलं, ओल्या पंखांनी कुणाला आत घ्यावं, घरात तान्हं बाळ असलं की काय काय पाहावं लागतं, सगळं निघू द्या. आईनं निकाल मात्र द्यायचा नाही.

'समजावून सांग' याबद्दलही एक गोष्ट सांगते. २००४ साली जोन पेस्किन आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी चार वर्षांच्या आसपासच्या मुलांना काही आठवडे चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची सोय केली. एका गटाच्या पुस्तकांत 'तिला वाटलं', 'त्याला माहीत नव्हतं', 'तिनं ओळखलं' असे मनातलं उघड करणारे शब्द मुद्दाम पेरले होते. दुसऱ्या गटाला चित्रं तीच मिळाली, पण ते शब्द नव्हते. पहिल्या गटातली मुलं बोलताना ते शब्द जास्त वापरू लागली. गोष्टीतलं पात्र चुकीच्या समजुतीनं असं का वागलं, हे उलगडून सांगायला मात्र दुसरा गट पुढे निघाला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना स्वतः ओळखावं लागलं होतं. मला तरी यात नवल वाटलं नाही. आपण उकल हातात दिली की मुलं शब्द तेवढे उचलतात.

काही घरांत हल्ली चिऊ लगेच दार उघडते म्हणे. मूल रडू नये म्हणून. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण मग त्या गोष्टीत विचार करण्यासारखं उरतंच काय?

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा. सिंह आणि उंदराच्या गोष्टीत सिंह जाळ्यात अडकला की तो खदखदून हसतो. घरात कुणाला लागलं तरी आधी हसतो. त्याला दुसऱ्याचं दुःख कळतच नाही का? – काळजीत पडलेला बाबा

सिंह जाळ्यात अडकतो तेव्हा तुम्ही काय करता, ते आठवा. बहुतेक डोळे वटारून, हातपाय झाडून, घशातून गुरगुर काढत असणार. तो तुम्हाला हसतोय हो, सिंहाला नाही.

लागल्यावरचं हसू वेगळं. अचानक मोठा आवाज झाला, मोठ्यांचे चेहरे बदलले, की गोंधळलेलं मूल हसतंसुद्धा. हसू बघू नका, त्यानंतर तो काय करतो ते बघा. जवळ येतो का? तुमच्या तोंडाकडे टक लावून पाहतो का? स्वतःचं खेळणं किंवा पांघरूण आणून तुमच्या हातात कोंबतो का? या वयाची मुलं अशीच मदत करतात. स्वतःला ज्यानं बरं वाटतं तेच दुसऱ्याला आणून देतात.

समोरच्याची आवड आपल्याहून वेगळी असू शकते, याचा अंदाज मात्र फार लवकर येतो. बेट्टी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रयोग घेणारी बाई मुलांसमोर बिस्किटं खाऊन तोंड वाकडं करायची आणि कच्ची ब्रोकोली खाऊन मिटक्या मारायची. मग हात पुढे करून म्हणायची, मला थोडं दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी तिला बिस्किटं दिली, कारण ती त्यांना स्वतःला आवडायची. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. तुमचा मुलगा तर अडीच वर्षांचा आहे. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्याला पुष्कळ कळतं, फक्त बोलता येत नाही.

तुम्ही एक करू शकता. चित्रातल्या सिंहावर बोट ठेवून 'याला काय झालं?' विचारा. मग 'का?' एवढंच. सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबरोबर आईबाबा पुस्तक कसं वाचतात ते पाहिलं. 'बघ, तो दुःखी आहे, कारण…' असं पालकांनी स्वतः किती बोललं, यानं मुलांच्या मदत करण्यात आणि वाटून घेण्यात फारसा फरक दिसला नाही. पालकांनी मुलाला भावनेचं नाव आणि कारण विचारून किती बोलतं केलं, त्यावर तो दिसला. तुमचा मुलगा 'बाऊ' एवढंच म्हणाला तरी ते पूर्ण उत्तर आहे. पुढचं पान उलटा.

तो हाक मारल्यावर बघत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, चेहऱ्यांकडे पाहतच नसेल, तर मात्र गोष्टींवर विसंबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

प्रश्न : नातवंडांना गोष्ट सांगून झाली की मी तात्पर्य सांगतो. सूनबाई म्हणतात, 'बाबा, तात्पर्य नको.' आम्ही तात्पर्यावरच वाढलो. मग गोष्टीचा उपयोग काय? – एक आजोबा

आजोबा, तुम्ही तात्पर्यावर वाढलात असं मला वाटत नाही. आठवून बघा, लहानपणच्या गोष्टींतलं काय आठवतं? विहिरीत वाकून स्वतःलाच डरकाळी फोडणारा सिंह. चोचीत काठी धरून कासवाला उडवत नेणारे पक्षी. तात्पर्य परीक्षेपुरतं आठवत होतं.

तरी तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून एक प्रयोग सांगते. कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठीमागचं खेळणं वळून बघायचं नाही असं बजावलं आणि खोलीत एकटं ठेवलं. अर्थात बहुतेकांनी बघितलं. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, बघितलंस का? काहींनी खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकली होती, काहींनी 'लांडगा आला रे आला' ओरडणाऱ्या मेंढपाळाची. या दोन्ही गोष्टींनी काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीनं. तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याला जवळ घेतात. ती ऐकलेल्या मुलांनी खरं जास्त सांगितलं. संशोधकांनी शेवट बदलून त्यात जॉर्जचं वाईट झालेलं दाखवलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. (गंमत म्हणजे खरेपणाची ती गोष्ट स्वतः खोटी. एका चरित्रकारानं रचलेली.)

मला यातून दिसतं ते असं. शिक्षेची गोष्ट ऐकताना मूल लांब उभं राहून दुसऱ्याचं नाक मोजतं. कबुलीची गोष्ट ऐकताना ते त्या मुलाच्या जागी जातं. छातीत धडधड, वडिलांचा चेहरा, आणि मग सुटका. तिथे जाऊन आल्यावर तात्पर्याची गरज उरत नाही.

टोरोंटोमधल्या संशोधकांचा आणखी एक प्रयोग माझ्यासारखीला जरा टोचतो. वाटून घेण्याची एकच गोष्ट चार ते सहा वर्षांच्या मुलांना दोन तऱ्हेनं वाचून दाखवली. एकीत माणसांची मुलं होती, दुसरीत कपडे घातलेले प्राणी. गोष्टीच्या आधी आणि नंतर मुलांना स्टिकर दिले आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी किती ठेवतात ते पाहिलं. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त उदार झाली. प्राण्यांची ऐकलेली झाली नाहीत. आता मी काही चिऊ-काऊ सोडणार नाही. त्याच प्रयोगात ज्या मुलांना प्राणी आपल्यासारखे, माणसासारखे वाटत होते त्यांनी जास्त वाटून दिलंच. आणि एका प्रयोगानं पिढीजात गोष्टी मोडीत काढायच्या नसतात. पण मधून मधून माणसांच्या गोष्टी हव्यात, एवढं मी मान्य केलंय.

तुमच्याकडे तर त्यांचा साठाच आहे. तुम्ही लहानपणी कुणाची वस्तू न विचारता घेतलीत, कुणाशी कट्टी घेतलीत, कधी वाट चुकलात आणि कोणी घरी आणून सोडलं, ते सांगा. आजोबा एके काळी लहान होते, ही बातमीच पाच वर्षांच्या मुलाला महिनाभर पुरते. आणि तात्पर्य ओठांवर आलंच, तर त्याच्या जागी विचारा, 'तू असतास तर?'

सूनबाईंना माझा नमस्कार.

प्रश्न : मोबाइलवर गोष्टी ऐकवल्या तर चालतात का? मला वेळ मिळत नाही. – एक नोकरदार आई

अधूनमधून चालतात. पण मोबाइल मध्येच थांबून 'काऊला थंडी वाजत असेल का गं?' असं विचारत नाही आणि मुलीनं विचारलं तर उत्तर देत नाही. तेवढं काम तुमच्यासाठी राखून ठेवा. त्यासाठी वेगळा वेळ काढायलाही नको. तिनं दिवसा ऐकलेली गोष्ट रात्री तिच्याकडून तुम्हीच ऐका आणि मुद्दाम चुकीचे अंदाज करा. मुलांना आईला दुरुस्त करायला फार आवडतं.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. वर्गात मुलं खूप. गोष्ट सांगते तेव्हा बडबडी मुलंच उत्तरं देतात, शांत मुलं बघत बसतात. काय करू? – एक ताई

सांगणं थोडं कमी करा आणि मुलांना करू द्या.

शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये लहान मुलांना शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांची रीत माझ्या फार कामी आली. मूल गोष्ट सांगतं, बाई ती शब्दशः लिहून घेतात. 'एक होतं मांजर. ते गेलं. संपलं.' एवढीच असली तरी चालते. व्याकरण सुधारायचं नाही, शेवट गोड करायचा नाही. त्याच दिवशी वर्गाच्या मधोमध मोकळी जागा करून ती गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. ज्याची गोष्ट तो आपली भूमिका निवडतो. पेली यांना १९८९ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. बालवाडीच्या शिक्षिकेला असा मान क्वचितच मिळतो. 'तू आमच्यात खेळायचं नाहीस, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही' हा नियमही त्यांनी आपल्या वर्गात लावला होता.

त्यात एक गोष्ट मी कटाक्षानं पाळते. उरलेल्या भूमिका मुलं जशी गोलात बसली असतील त्या क्रमानं द्यायच्या, निवडानिवड नाही. त्यामुळे कायम वाघ होणाऱ्या दांडगटाच्या वाट्याला कधीतरी शेळी येते. आणि चार पायांवर उभं राहून, समोरून डरकाळ्या येत असताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मला शंभर वेळा 'भांडू नका' सांगून कधी आणता आलं नव्हतं. शांत मुलांचं म्हणाल, तर त्यांना झाड करा, दार करा, पाऊस करा. आमच्या चिऊ-काऊत दार झालेली मुलगी तोवर वर्गात तोंड उघडत नव्हती. नाटक चालू असताना तिनं परस्परच ठरवलं की दार आपोआप उघडतं. चिऊ झालेली मुलगी रडकुंडीला आली, वर्गात मोठा वाद झाला, आणि त्या वादात ती दार झालेली मुलगी सगळ्यात जास्त बोलली.

तुमची पटसंख्या मोठी असेल तर दिवसाला एक-दोनच गोष्टी घ्या. कुणाची पाळी कधी ते फळ्यावर लिहा. मुलांना वाचता येत नसलं तरी आपलं नाव कुठे आहे ते बरोबर कळतं.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, फार हळवा. गोष्टीत कुणी हरवलं, कुणी मेलं की कानात बोटं घालतो, रात्री दचकून उठतो. दुःखाच्या गोष्टी बंद कराव्यात का? – एक आई

बंद नको, पण वेळ आणि रीत बदला.

दुसऱ्याचं दुःख पाहून आपण कळवळतो ते दोन प्रकारांनी, असं नॅन्सी आयझेनबर्ग यांचं बरीच वर्षं चाललेलं काम सांगतं. एकात आपलं लक्ष त्या दुसऱ्याकडे असतं आणि आपण काहीतरी करायला जातो. दुसऱ्यात ते दुःख आपल्यालाच इतकं सोसवेनासं होतं की आपण स्वतःला वाचवायच्या मागे लागतो. तुमचा मुलगा कानात बोटं घालतो तेव्हा तो दुसऱ्या प्रकारात गेलेला असतो. अशा वेळी 'अरे, त्या बिचाऱ्याचा विचार कर ना' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम ऐकवणं.

शेवट आधीच सांगून टाका. 'यात पिल्लू हरवतं, पण संध्याकाळी सापडतं. सांगू?' गोष्टीची मजा कमी होईल असं वाटतं, पण हळव्या मुलाला त्यामुळे मधला भाग ऐकायचं बळ येतं. पुस्तक असेल तर ते त्याच्या हातात द्या. नको असलेलं पान त्यानं न वाचता उलटलं तर उलटू द्या, शेरा मारू नका. आणि गोष्टीत कुणीतरी मदतीला येतं, तिथे रेंगाळा. तो आधी काय म्हणाला, काय घेऊन आला, कसा आला? तुमच्या मुलाला हीच पात्रं लागतात. काही दिवसांनी 'मी गेलो असतो' असं तो स्वतःहून म्हणाला तर समजा, बोटं कानातून निघाली.

अशा गोष्टी दुपारी, उजेडात, तुमच्याजवळ बसूनच सांगायच्या. रात्रीसाठी माकडांची आणि टोपीवाल्याची ठेवा. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण एकट्या टोपीवाल्याला आहे. तरी तुमचा मुलगा विचारणारच, की माकडांच्या डोक्याला टोप्या नीट बसत होत्या का, आणि त्या परत फेकताना त्यांना काय वाटलं.